पायरीवरची पितळी खूण

ता. १४, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. हिचा गुडघा आता जिना चढू देतो पण उतरू देत नाही, त्यामुळे ही एकदा वर गेली की दुपारपर्यंत वरच. मोठीला नोकरी लागली. फोनवरच सांगितलं असतं, पण तू उचलत नाहीस. बरोबरच आहे म्हणा.

गेल्या आठवड्यातल्या भरतीला गल्लीत पाणी आलं होतं का? बघ, माहीत असून विचारतोय. नव्या पंपचालकाने ऑफिसात कळवलं, तुझ्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं.

आता सुनावणीचं. महिना झाला, रोज तेच डोळ्यांपुढे येतं. समुद्र चढतोय म्हणून नगरपालिकेने आराखडा केला, कुठला बांध किती वाढवायचा ते ठरवलं, आणि तुझ्या गल्लीमागचा बांध 'पुरेसा उंच' म्हणून वगळला. सही साहेबांची असली तरी उंचीचे आकडे माझे. तू डायरी घेऊन उभी राहिलीस. तीस वर्षं पंपघर चालवलंस, भिंतीवर खिळ्याने ओढलेली भरतीची प्रत्येक रेघ तुला तोंडपाठ. आणि म्हणालीस, "अरे उरक्या, तुझा बांध कागदावर उंच आहे. पाणी कागद वाचत नाही."

सभागृह हसलं. मुख्याधिकारीही हसले. घरातलं नाव, तेही भरसभेत. माझे कान तापले. मी माइक ओढला आणि म्हणालो, "बाई, खिळ्याच्या रेघा म्हणजे मोजमाप नव्हे."

लोक पुन्हा हसले, या वेळी तुला. तू खाली बसून डायरी पिशवीत ठेवलीस. पिशवीची चेन अडकली होती, तू कितीतरी वेळ ओढत होतीस. मी व्यासपीठावरून बघत राहिलो.

नंतर मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, ओळखीच्या होत्या का त्या? मी म्हणालो, त्या भागातल्या आहेत. माझ्याकडून पाढे घोटून घेणाऱ्या, माझ्या फीसाठी स्वतःचं शिक्षण सोडणाऱ्या बहिणीबद्दल मी एवढंच म्हणालो, ताई. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून मीच सांगतो.

पण खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे. त्यासाठी कागद घेतला आणि हिचा गुडघा लिहीत बसलो.

पंपघराच्या पायरीवर ती पितळी खूण आहे ना, जिच्यावर तू डबा ठेवायचीस? तुमच्या बाजूची प्रत्येक उंची आम्ही तिच्यापासून मोजतो. नियम असा, की मोजणीआधी टेकडीवरच्या पक्क्या उंचीच्या दगडापासून टप्प्याटप्प्याने पातळी आणायची आणि खुणेची उंची पुन्हा तपासायची. दोन दिवसांची पायपीट. मी टेबलाशी बसून जुन्या वहीतला आकडा उतरवला, पुढे 'तपासले' लिहिलं आणि सही ठोकली. सगळेच असं करतात, अशी मनाची समजूत घातली. सगळे करत नाहीत. आमचा मोजणीदार दोनदा विचारायला आला होता, कधी निघायचं म्हणून. मी त्याला म्हणालो, खूण काय कुठे पळून जाणार आहे?

पळाली नाही, खचली. शनिवारी आणि काल मी स्वतः टेकडीपासून पातळी आणली. मोजणीदार बरोबर होता, दोन दिवस कामापुरतं बोलला. पायरी चौदा सेंटिमीटर खाली गेलीय, खुणेसकट. म्हणजे तुझ्यामागचा बांध आमच्या कागदापेक्षा तेवढा बुटका आहे. मग पंपघरात जाऊन तुझ्या रेघा या नव्या पातळीशी ताडून पाहिल्या. एकही चुकलेली नाही. बाहेर आलो तेव्हा तू खिडकीत होतीस. मी हात वर केला, तू पडदा ओढलास.

आज सकाळी मुख्याधिकाऱ्यांना हे सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, आराखडा गुरुवारी मंजुरीला जातोय, आता हे काढलंत तर सहा महिने लांबेल आणि तुमची चौकशी लागेल. कागद परत घ्या, पुढच्या वेळी बघू. मी म्हणालो, आवक टेबलावर शिक्का मारून घेतलाय, आता परत घेता येत नाही. जन्मात पहिल्यांदाच माझी घाई कामाला आली. फुशारकी मारत नाही. शिक्का मारून घ्यायच्या आधी तासभर जिन्यातच उभा होतो.

गुरुवारी अकरा वाजता सभागृहात मला हे सगळ्यांसमोर सांगायचंय. तू डायरी घेऊन ये. तू आली नाहीस तरी सांगेनच, बांध तुझ्या एकटीचा नाही. पण माफी मी या कागदावर मागत नाही. अपमान माइकवर केला, तर माफीही माइकवरच मागायला हवी, आणि त्याआधी सांगायला हवं की ही माझी थोरली बहीण. त्यासाठी तू समोर हवीस.

खाली काय लिहू कळेना. हुद्दा लिहून खोडला. 'तुझा भाऊ' लिहायला हात धजत नाही, ते गुरुवारनंतर तू ठरव. तोवर त्या दिवशी ज्या नावाची लाज वाटली, तेच लिहितो.

उरक्या