मैलारचा भंडारा

कलबुर्गी,
बुधवार, दुपार

प्रिय तुळजा,

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना ही बया कागद कामून काळे करायली, म्हणशील. फोन दोनदा लावला होता गं. तू "बोल की" म्हणालीस आणि मी थंडीचं विचारून ठेवून दिला. आलेला कागद आईला मोठ्यानं वाचून दाखवायची तुझी सवय मला ठाऊक आहे. हा मात्र आधी एकटी वाच. खजुरीच्या शाळेत सातवीपर्यंत आपण एका तरटावर बसलो, तेव्हाही तू माझ्यापेक्षा भरभर वाचायचीस.

रविवारी तुझ्या आईला भेटायला आले होते ना, तेव्हाचं सांगते. रेणुकामावशीनं माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "भारगी, बारीक झालीस की गं. जेवतीस का न्हाई?" मी हातभर अंतरावर बसले होते, फक्त तिच्या डाव्या बाजूला. माळाच्या पलीकडून कुणाची मेंढी कुणाच्या कळपात शिरली ते सांगणारी ही बाई! श्रावणात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, महिन्यात ऑपरेशन करा म्हणाले. तू "पगार झाला की" म्हणत राहिलीस. मार्गशीर्षात डावा डोळा गेला, आणि गेलेला आता येत नाही. उजवा अजून आहे, पण त्यालाही डॉक्टरांनी हाच महिना दिलाय.

त्या डाळमिलमध्ये तुला मीच लावलं. रामाचार्य मास्तरांची लेक म्हणून मी ऑफिसात खुर्चीवर, तू खाली चाळीस बायकांत तूर निवडायला. जेवायच्या सुट्टीत माझा डबा उघडून सारभाताला नावं ठेवायचीस आणि तुझी भाकरी नि पुंडीची भाजी मला चारायचीस. "बामनीन असून वासानं आलीस व्हय," म्हणायचीस. सहा वर्षं कशी गेली कळलं नाही. मागच्या ज्येष्ठापासून तुमचा पगार लांबायला लागला. आधी पंधरा दिवस, मग महिना, मग नुसतंच "बघू". माझा पगार मात्र एक तारखेला खात्यात येत होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आणखी एक सांगितलं नाही. माझ्या खुर्चीमागं भिंतीवर एक पाटी होती, कन्नडात आणि इंग्रजीत. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. कामावरून काढलं तर दोन दिवसांत सगळी बाकी द्यायची. नाही दिली तर कामगार खात्याच्या कचेरीत अर्ज करता येतो, वकील लागतोच असं नाही, आणि उशिराबद्दल मालकाला वर भरपाईही द्यावी लागू शकते. मालकांनी सांगितलं म्हणून त्या पाटीवर मीच देवाचं कॅलेंडर लटकवलं. तू अमावास्या कधी आहे ते बघायला त्याच कॅलेंडरपाशी यायचीस, आणि तू जवळ येण्याआधीच मी तुला तारीख वाचून दाखवायचे.

गणपतीत बायका कचेरीत जायचं बोलू लागल्या. सगळ्या तुझ्या तोंडाकडं बघायच्या. मालकांनी मला बोलावून विचारलं, तुमच्या गावची ना ती, कशानं गप्प बसेल? तेव्हा माझी जीभ झडली कशी नाही, तुळजा! मी म्हणाले, ही धनगराची माणसं, त्यांच्या देवाचा, मैलारच्या मल्लण्णाचा भंडारा उचलून शपथ घेतली की मेली तरी शब्द मोडत नाहीत. वर तुझ्या आज्जाची गोष्टही सांगितली. भंडारा उचलला म्हणून त्यांनी सख्ख्या भावाच्या घरचं पाणी अठरा वर्षं तोंडाला लावलं नाही, ती. तुमच्याच ओसरीवर, मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून मी ती ऐकली होती.

पुढचं तुला माहीतच आहे. मालक स्वतःच्या हातानं पगार देईपर्यंत त्यासाठी कुठल्याही कचेरीची पायरी चढणार नाही, असा तू भंडारा उचललास. दिवाळीला देतो म्हणून मालकांनी नुसती मान हलवली, त्यांनी काही उचललं नाही. तुझ्यामागं चाळीस जणी गप्प बसल्या. दिवाळी झाली, तुलाच कामावरून काढलं. रविवारी मी पैसे पुढं केले तर म्हणालीस, "उसनं नको. माझ्या घामाचं हाय की तितं." मग कचेरीत जाऊ म्हणाले, तर देव्हाऱ्याकडं बघितलंस. "भंडारा उचललाय, भारगी. आईचा डोळा मोठा का देव मोठा, ते मला इचारू नको." मावशी सगळं ऐकत होती. तिनं कनवटीची पुडी सोडली, त्यातला चिमूटभर भंडारा, रोज लावते तसा, उजव्या पापणीला लावला आणि मला म्हणाली, "च्या घेऊन जा गं."

तो चहा मी कसा प्याले ते माझं मला माहीत.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. भंडारा आणायला मालकांनी मलाच मैलारला पाठवलं होतं, एक दिवस सुट्टी देऊन. मी गेलेच नाही. आपल्याकडं बायकांना बस फुकट, तरी गेले नाही. घरी झोप काढली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मिसळणाच्या डब्यातली हळद कागदात बांधून तुझ्या हातावर ठेवली. हळद ती हळद, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. तू ती कपाळाला लावलीस आणि उरलेली आईसाठी पदरात बांधलीस. भंडारा नव्हताच तो, तुळजा. आमटीत घालायची हळद होती. तू म्हणशील, हातात काही का असेना, मनात मल्लण्णा होता. म्हणून काल मैलारला गेले, आणि ही शपथ तुळजाची नाही, माझी आहे, मोडल्याची शिक्षा मला दे, असं पायरीवर डोकं टेकून सांगून आले. त्याआधी कॅलेंडर उतरवलं आणि नोकरीही सोडली. ऑपरेशनचे पैसे दवाखान्यात भरलेत. ते उसने नाहीत, तुझा पगार अडला त्या महिन्यांतला माझा एक तारखेचा पगार आहे. सोमवारी अकरा वाजता हजेरीच्या नकला घेऊन मी कामगार कचेरीच्या पायरीशी उभी असेन, साक्षही मीच देणार. मावशीला घेऊन ये. मला शिव्या दे, थोबाडीत मार, अठरा वर्षं माझ्या घरचं पाणी पिऊ नकोस, पण ये. आणि हे वाचून झालं की ऊठ, आणि मावशीच्या पापणीवरची ती हळद आधी पुसून टाक.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
भारगी