टाकीवरचे ओरखडे

ता. १७, मंगळवार

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. हिचा गुडघा दुखतो तसा दुखतोच आहे. माझं लेथवरचं काम चालू आहे.

तुझं कार्ड मिळालं. बाबा गेल्यावर मोटरसायकल मी ठेवली आणि सायडकार तुझ्या वाट्याला आली, तेव्हा तू म्हणालीस, "गाडी तुला, आणि मला नुसती बसायची जागा." त्यानंतर सहा वर्षांनी तुझ्या हातच्या या दोन ओळी. पहिली मी हिला मोठ्याने वाचून दाखवली : "शनिवारी सायडकार घेऊन मेळाव्याला येते, तिथेच जोडू."

ताई, मेळाव्याची माणसं कशी आहेत ते आधीच सांगतो. मला त्यांचा वीट आलाय. जुन्या गाड्यांवर जीव टाकतो म्हणायचं आणि गाडी आणायची टेम्पोत, रजईत गुंडाळून. तुझी सायडकार टेम्पोत येणार ते वेगळं, तिला बिचारीला इंजिनच नाही. एकाने कोरं जॅकेट घेऊन त्यावर मुद्दाम ऑइलचे डाग पाडलेत. अध्यक्ष आहेत एक दातांचे डॉक्टर. ते टूथब्रशने सायलेन्सर घासतात आणि किक मारायला ड्रायव्हर ठेवतात. नाव मोठं लक्षण खोटं, दुसरं काय.

आणि अशा माणसाचं मी ऐकलं.

गेल्या महिन्यात ते घरी आले. म्हणाले, "गाडी फर्स्टक्लास आहे हो, फक्त टाकीवरचे ओरखडे काढा. कप तुमचाच." मला कप हवा होता. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पत्र्याच्या कपासाठी मी पाघळलो. तू चार वर्षांची असताना बाबांच्या पुढ्यात टाकीवर बसायचीस, तुझ्या सँडलच्या बकलांनी दोन्ही बाजूंचा हिरवा रंग खरवडला होता. बाबा जन्मभर गाडी पुसायचे, पण तिथे हळू. "ही तिची हजेरी आहे," म्हणायचे. ते मी सगळं दोन दुपारींत घासून काढलं. वर नवा हिरवा रंग मारला, आरशासारखा.

तुझ्या कार्डाची दुसरी ओळ मी हिला वाचून दाखवली नाही : "टाकीला हात लावलेला नसावा." कार्ड आलं तेव्हा रंग वाळलेला होता.

रविवारी गाड्यांची आधीची तपासणी झाली. परीक्षकाने टाकीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मूळ रंग गेला. अस्सल गाड्यांत धरता येणार नाही." डॉक्टरांनी हात झटकले. मी म्हटलं, कप गेला खड्ड्यात, ते ओरखडे माझ्या बहिणीचे होते, ती शनिवारी येतेय. तर ते हसले. "मग पाडून घ्या की परत. आमचा रंगारी तासाभरात चाळीस वर्षं जुनं करून देतो. बहिणीला काय कळतंय?"

तिथून उठलो, घरी येईपर्यंत त्यांना शिव्या घालत होतो.

आता खरं सांगतो. काल दुपारी मी शेडचं दार आतून लावलं. तुझ्या ओरखड्यांची उंची आठवून टाकीवर पेन्सिलीने खूण केली, खिळा घेतला आणि ओढला. डाव्या बाजूला, वीतभर. हुबेहूब जमला, ताई. हात कसलेला आहे ना माझा. त्या हुबेहूब ओरखड्याकडे पाहून मला स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी त्या डॉक्टरचीसुद्धा आली नव्हती. खिळा टाकून दिला.

स्पर्धेतून नाव काढून घेतलंय. शनिवारी सकाळी आठपासून मी मैदानाच्या फाटकाबाहेर गाडी घेऊन उभा असेन. सायडकारचे चारही बोल्ट नवे कातून ठेवलेत. तू टेम्पो तसाच परत फिरवलास तरी मी काही बोलणार नाही.

घासलेल्या सँडपेपरचे तुकडे फेकले नव्हते. बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत, त्यांवर अजून जुना हिरवा रंग आहे. तुझं जे काही उरलंय ते एवढंच, ते घेऊन येतो. टाकीवर तुला जो एक ओरखडा दिसेल, तो तुझा समजू नकोस. तो मी पाडलाय.

तुला फसवायला निघालेला,
तुझा धाकटा भाऊ