चुकीच्या डिस्चार्जपत्राची जबाबदारी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : टपाल विभागातील लिपिक बाईंचे निलंबन मागे घेऊन दोष माझ्यावर ठेवण्याबाबत, तसेच गेलेले पत्र परत न मागण्याबाबत.
संदर्भ : आपली दि. ९ ची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. मी आपल्या संगणक कक्षात अकरा वर्षे प्रोग्रामर आहे. नातेवाइकांना जाणारी पत्रे पर्ल या संगणकीय भाषेतील प्रणालीतून निघतात. मजकुराचा साचा एकदाच लिहायचा, त्यात रुग्णाची माहिती आपोआप भरली जाते. असे साचे भरण्यासाठी मेसन हे साधन घ्यावे असे सहकाऱ्याचे मत होते. मी टेम्पलेट टूलकिट या दुसऱ्या साधनाचा हट्ट धरला, कारण त्यातला साचा लिपिकांनाही वाचता येतो. निवड चुकली नाही. चुकलो मी, आणि तेही नंतर.

२. जुन्या सर्व्हरवर मी कडक तपासणी चालू ठेवली होती. एखाद्या माहितीचा रकानाच सापडला नाही, की पत्र अडायचे. नंतर बसवलेल्या नव्या सर्व्हरवर पहिल्याच आठवड्यात चाळीस पत्रे अडली, विभागांचे फोन थांबेनात, म्हणून मी वैतागून ती तपासणी बंद केली. तिथल्या नोंदींत मृत्यूच्या तारखेच्या रकान्याचे नाव बदलले होते, ते मी पाहिले नाही. साच्याला तारीख सापडली नाही. आणि तारीख नसेल तर रुग्ण बरा, असे मीच साच्यात लिहून ठेवले होते.

३. स्त्री कक्षातील एक बाई सोमवारी सकाळी वारल्या. त्यांचे यजमान वृद्ध आहेत, घरी फोन नाही. शिपायाहाती त्यांना पत्र गेले : 'आपल्या रुग्णास घरी नेण्यास यावे.'

४. सही करण्यापूर्वी लिपिक बाईंनी मला विचारले होते, "हे नाव सकाळच्या मृतांच्या यादीत होतं ना? एकदा वर कक्षात विचारून घेऊ का?" मी मान वर न करता म्हणालो, "सिस्टीममध्ये आहे तेच बरोबर. करा सही." त्यांनी आपल्या खुलाशात माझे नाव घेतलेले नाही. याची मला जास्त लाज वाटते.

५. त्याच दिवशी चार वाजता यजमान गाडी करून आले. पिशवीत पत्नीच्या चपला होत्या. त्यांना खरे सांगायला मीच खाली गेलो. ते बाकावर बसले आणि बराच वेळ पिशवीचे बंद नीट करत राहिले.

६. आपल्या आदेशाप्रमाणे ते पत्र परत आणण्यासाठी मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "अकराला चिठ्ठी आली. मी घर झाडलं, तिची गादी उन्हात टाकली, शेजारी सांगून आलो. चारपर्यंत ती बरी होती. तेवढा कागद राहू द्या माझ्याकडे." मी हात हलवत परत आलो.

तरी लिपिक बाईंना कामावर घ्यावे, शिक्षा मला करावी, आणि पत्र दप्तरी रद्द दाखवून त्याची मागणी सोडून द्यावी, ही विनंती. दोन्ही सर्व्हरवर कडक तपासणी आता चालू आहे. पत्रे अडतील, विभाग तक्रार करतील; ती आपण ऐकून घ्यावी.

आपल्या निर्णयास बांधील,
(सही)
प्रोग्रामर, संगणक कक्ष
दि. १४

सोबत :
१. साच्याची प्रत
२. दोन्ही सर्व्हरच्या सेटिंगच्या प्रती
३. मूळ पत्र : जोडलेले नाही