कोरे ठेवलेले गोल वाचण्याबाबत

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
कला शाखा, शहर महाविद्यालय,
मुख्य इमारत, तळमजला.

विषय : प्रवेश चाचणीच्या उत्तरपत्रिकेतील कोरे ठेवलेले गोल विचारात घेऊन प्रौढ उमेदवारांच्या जागेवर प्रवेश मिळण्याबाबत.

संदर्भ : १) खिडकीवर झालेले तोंडी बोलणे. २) आपल्या कार्यालयाचे छापील उत्तर, 'गुण अपुरे'.

महोदय,

१. अर्जदार हा कपबशांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार आहे. साठीपर्यंत तो अक्षरशत्रू होता. पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचा आणि बसवरची पाटी दुसऱ्याला विचारायची, यात उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर तो व त्याची पत्नी रात्रशाळेत जाऊ लागले. शेजाऱ्यांनी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घेतले. तरीही अर्जदार दर वर्षी वरच्या क्रमांकाने पास होत गेला व शालान्त परीक्षेत केंद्रात पहिला आला. भाषा आणि इतिहास या विषयांत त्याला विशेष गुण आहेत. अर्जात 'मी, मी' करू नये, 'अर्जदार' लिहावे, असे रात्रशाळेच्या बाईंनी शिकवले आहे. त्यानुसार लिहीत आहे.

२. असे असता आपल्या प्रवेश चाचणीत अर्जदाराचे गुण पात्रतेच्या बरेच खाली आले. निकाल पाहून रात्रशाळेच्या बाई मटकन खुर्चीत बसल्या. अर्जदाराला काही वाटले नाही. आपल्या खिडकीवरचे लिपिक 'काका, मनाला लावून घेऊ नका' असे म्हणाले, त्यांच्या माहितीसाठी हे नमूद केले. हल्ली अर्जदाराला सहसा काही वाटत नाही. मात्र प्रौढांच्या राखीव जागा पुढील वर्षापासून बंद होणार असल्याची सूचना आपल्या फलकावर लागली आहे. म्हणजे प्रवेश मिळाला तर या वर्षी, नाही तर नाही.

३. गुण कमी येण्याचे कारण समजण्यासाठी अर्जदाराचे काम सांगणे भाग आहे. भट्टीतून निघालेले कप लाकडी फळीवर पालथे मांडून अर्जदारासमोर येत. एका ओळीत चार. अर्जदाराने प्रत्येक कप नखाने वाजवून पाहायचा आणि ज्याला तडा असेल त्याच्या बुडावर काळ्या पेन्सिलीने खूण करायची. जो चांगला, त्याला काही करायचे नाही. नवीन असताना एकदा अर्जदाराने हौसेने एका सुरेख कपावर बारीकसा ठिपका दिला. मुकादम सगळ्यांदेखत ओरडला, "चांगल्याला हात लावू नकोस रे, चांगल्याला खूण लागत नाही!" मुकादमाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत अर्जदाराने फक्त वाईटाला खूण केली.

अर्जदाराची पत्नी त्याच कारखान्यात कपांच्या काठावर सोनेरी रेघ ओढायची. ती म्हणे, "अहो, तुमची ती पेन्सिल घरीसुद्धा चालते. भाजीत मीठ कमी पडलं की लगेच कळतं तुम्हाला. चांगली झाली की मुकाट गिळता!" यावर सून हसून हसून लोटपोट व्हायची. अर्जदाराचे म्हणणे असे की, बोललो नाही म्हणजे चांगलीच झाली, हे घरातल्या माणसाला कळायला हवे. पत्नी म्हणे, "कळतं हो. पण कधी तरी ऐकायला काय हरकत आहे?"

४. चाचणीच्या दिवशी घडले ते असे. चाचणीचे अर्ज दोघांनी एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसून भरले होते. 'दहावी झाली की थांबायचं नाही, कॉलेजचा वर्ग आतून बघायचा,' हा पत्नीचाच आग्रह होता. पुढे थंडीत ती वारली. तिचा अर्ज रद्द करायचे राहून गेले. त्यामुळे अर्जदाराच्या शेजारच्या बाकावर तिचा क्रमांक चिकटवलेला होता आणि नियमाप्रमाणे तिची प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिकाही तेथे मांडली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून पर्यवेक्षक बाईंनी त्यावर खडूचा डबा ठेवला.

सूचना अर्जदाराने नीट वाचल्या होत्या. चार गोलांपैकी योग्य उत्तराचा एकच गोल काळा करावा. त्याप्रमाणे त्याने सुरुवात केली व निम्मी पत्रिका बरोबर सोडवली. हे आपल्याला तपासून पाहता येईल. मग अर्धा वेळ संपल्याची घंटा झाली. त्याच सुमारास पर्यवेक्षक बाईंनी शेजारच्या बाकावरची कोरी पत्रिका उचलली, तिच्यावर लाल पेनाने आडवी रेघ ओढली आणि 'गैरहजर' असे लिहिले. बाईंनी त्यांचे काम केले, त्याबद्दल तक्रार नाही. कारखान्यात रेघ पडलेला माल परत फळीवर येत नाही, एवढेच त्या वेळी अर्जदाराच्या मनात आले.

त्यानंतर अर्जदाराने खाली पाहिले तेव्हा समोर एका ओळीत चार गोल होते. पुढच्या ओळीत चार. हात चालू लागला. प्रत्येक ओळीत चुकीची तीन उत्तरे शोधून ती त्याने काळी केली आणि बरोबर उत्तराला हात लावला नाही. पत्रिका वेळेआधी संपली. पुष्कळ महिन्यांनी काम नीट झाल्यासारखे वाटले. काय झाले ते घरी जाऊन चहा पिताना समजले.

५. एका ओळीत एकाहून अधिक गोल काळे असल्यास शून्य गुण, हा आपला नियम अर्जदाराला मान्य आहे. परंतु बरोबर उत्तर अंदाजानेही लागू शकते. बरोबर सोडून बाकीची तिन्ही चुकीची आहेत हे ओळीमागून ओळ अंदाजाने जमत नाही. काही ओळींत अर्जदाराची खात्री न झाल्याने त्याने दोनच गोल काळे करून दोन सोडले आहेत. त्यांचे गुण तो मागत नाही. संशयाचा माल त्याने कधी पास केला नाही.

६. हे सर्व खिडकीवर सांगितले असता लिपिक शांतपणे म्हणाले, "काका, मशीनला काळं दिसतं. कोरं दिसत नाही." अर्जदार म्हणाला, मग एखाद्या माणसाने पाहावे. ते म्हणाले, "माणसाला पाहायचा अधिकार नाही." मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, "आजोबा, नातवंडं खेळवा आता!" त्यावर लिपिकांनीच त्याला गप्प केले. माणूस चांगला आहे. हे या ठिकाणी मुद्दाम लिहून ठेवत आहे.

७. तरी विनंती अशी की, अर्जदाराच्या पत्रिकेचा दुसरा अर्धा भाग एखाद्या माणसाने डोळ्यांनी पाहावा व कोऱ्या गोलांचे गुण द्यावेत. ते शक्य नसल्यास अर्जदाराला समोर बसवून तेच प्रश्न तोंडी विचारावेत. तेही नियमात बसत नसल्यास वर्गात दाराजवळ बसण्याची परवानगी द्यावी. हजेरी, परीक्षा, प्रमाणपत्र काही नको. दाराजवळ जागा नसल्यास जो विद्यार्थी त्या दिवशी आला नसेल त्याच्या जागेवर अर्जदार बसेल आणि तो आला की उठेल. आणि तेवढेही नियमात नसल्यास, वर्ग रिकामा असताना एकदा आत जाऊन तो पाहू द्यावा. काही ठिकाणे दुसऱ्याच्या वतीने पाहून यायची असतात.

८. लिपिकांनी या अर्जासोबत 'कमी गुणांचे कारण' हा छापील नमुना भरून जोडण्यास सांगितले. त्यात चार गोल एका ओळीत आहेत : प्रवासात अडथळा, अपुरा अभ्यास, स्वतःचे आजारपण, घरातील मृत्यू. अर्जदाराने तो काल जेवणानंतर भरला व आज सकाळी चष्मा लावून पाहिला. पहिले तीन गोल काळे झाले आहेत. दुसरा नमुना मागितला असता एका उमेदवारास एकच मिळतो असे समजले. खाडाखोड केल्यास नमुना बाद होतो, म्हणून तो आहे तसा जोडला आहे.

चौथा गोल कोरा आहे. कृपा करून तो वाचावा.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
अर्जदार
(सही केली आहे. अंगठा नाही.)

दिनांक : प्रवेशाची मुदत संपण्याच्या आदला दिवस

सोबत :
१) शालान्त परीक्षेची गुणपत्रिका.
२) रात्रशाळेच्या बाईंचे शिफारसपत्र.
३) 'कमी गुणांचे कारण' हा नमुना, वर लिहिल्याप्रमाणे.
४) पत्नीचे चाचणीचे प्रवेशपत्र. याची कार्यालयास गरज नाही. पाहून परत मिळावे.