आढ्याच्या टोपीची लांबट भोके

मिस्त्री, तुमची मुलगी गेली. हे वाक्य मी आजवर अनेकांना सांगितले आहे. कार्यालयात सांगितले, दूधवाल्याला सांगितले, मुलाला तारेने कळवले. प्रत्येक वेळी ते स्पष्ट उच्चारात आणि न थांबता सांगितले. तुम्हाला मात्र सांगायचे राहिले होते. तुम्ही जाऊन बारा पावसाळे झाले, तेव्हा तुम्हाला कळवणे म्हणजे काय, याचा विचार मी केला आहे आणि त्याला अर्थ नाही हेही मला मान्य आहे. तरीही मुलीच्या बापाला ही गोष्ट जावयाने सांगायची असते. माघात, सकाळी अंगण झाडता झाडता ती पायरीवर बसली आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टर येईपर्यंत मी तिच्या हातातला झाडू काढून भिंतीशी उभा करून ठेवला होता. तो मी का उभा केला, हे मला सांगता येत नाही.

लग्नानंतर मी तुम्हाला मामाजी म्हणू लागलो. तशी रीतच होती. पण मनात तुम्ही मिस्त्रीच राहिलात, म्हणून येथेही तेच लिहितो. मी तुम्हाला प्रथम पाहिले ते पत्र्याच्या कारखान्यात. मी नुकताच पदवी घेऊन आराखडे काढण्याच्या नोकरीवर लागलो होतो. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन्सिली. तुम्ही लाकडी हातोडा घेऊन जस्ती पत्र्याची कड मुडपत होता. मी शेजारी येऊन उभा राहिलो तरी तुम्ही वर पाहिले नाही. कड संपली, त्यावरून अंगठा फिरवून झाला, तेव्हा म्हणालात, "जयभीम साहेब. खापऱ्यावरून आले म्हन्ते तुमी. नदीकाठचे मानसं वारा चांगला ओळखते." मी खापऱ्याचा नव्हतो, खाप्याचा होतो. मी ते तेथल्या तेथे दुरुस्त केले. तुम्ही हसलात आणि पुढे कित्येक महिने मला मुद्दाम खापऱ्याचे साहेब म्हणत राहिलात.

माझे पहिले स्वतंत्र काम खाप्याच्याच एका शाळेच्या छपराचे होते. दोन पाखे जेथे वर एकत्र येतात त्या आढ्यावर पत्र्याची टोपी बसवायची, एवढेच. आधीच्या उन्हाळी वादळात जुनी टोपी उडून नदीच्या वाळूत जाऊन पडली होती, आणि माझ्याच गावाची शाळा असल्याने हे काम मला अभेद्य करायचे होते. मी जाड पत्रा निवडला. सगळे तुकडे एकमेकांना रिबिटांनी जोडून, सांधे कथलाने डाखून, आढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड टोपी काढली. हूकबोल्टांसाठी गोल भोके ठेवली, बोल्टाच्या जाडीला नेमकी बसतील अशी. वाऱ्याच्या दाबाचे गणित वेगळ्या कागदावर मांडून आराखड्याला टाचले. तुम्ही तो कागद उलटा धरला होता की सुलटा, हे मी त्या वेळी बारकाईने पाहिले, याची मला आज लाज वाटते. तो सुलटाच होता.

"सगळं बराबर हाय," तुम्ही म्हणालात. "पन याले हालाले जागा कुठी ठेवली जी?"

मी म्हणालो, "हलू नये म्हणूनच तर हा आराखडा आहे."

"वारा सालातून चार दिस येते साहेब. ऊन तं रोजच येते."

आजूबाजूचे कारागीर हसले. मी गणिताच्या कागदावर बोट ठेवले. मालकाने पदवीकडे पाहिले आणि तुम्हाला आराखड्याप्रमाणे काम करायला सांगितले. तुम्ही ते तसेच केलेत, एकही सांधा कच्चा न ठेवता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झाले त्यात तुमच्या हाताचा दोष शून्य होता.

वैशाखात निरोप आला, की टोपी मधोमध कमान होऊन उचलली आहे आणि तीन सांधे उकलले आहेत. वादळ झालेच नव्हते. आपण दोघे एसटीने गेलो. तुम्ही मला दुपारी दोन वाजता शिडीवर चढवले, पत्रा सर्वात तापतो अगदी त्याच वेळी, मुद्दाम. शाळेला सुट्टी, खाली कन्हान नदीचे पात्र कोरडे पडलेले, आणि वर मी पायात बूट घालून पाख्यावर ओणवा. "हात ठेवा," तुम्ही म्हणता. मी हात ठेवतो आणि झटक्याने काढतो. "आता कान द्या." मी कान देतो. पत्र्यातून एक आवाज येत असतो, बारीक, कट् असा. मग थोड्या अंतरावर दुसरा. "लांब होऊन राहिला तो. त्याले जाऊ द्या नं जरासा. कोंडून ठेवसान तं फाडून बाहेर निंगन." तुम्ही डोक्याचे उपरणे सोडून, घडी करून पत्र्यावर टाकता आणि मला म्हणता, "यावर हात ठेवा साहेब. चटका बसला असन."

तेथेच, त्या पाख्यावर बसून, आपण ती टोपी पुन्हा काढली. तुकडे सुटे ठेवायचे, एकावर एक वीतभर चढवायचे, आणि चढवताना सांध्याची पाठ वाऱ्याकडे ठेवायची. डाख नाही. कडा आत मुडपायच्या म्हणजे पत्रा पातळ असूनही ताठ राहतो. आणि बोल्टाची भोके गोल नाहीत, आढ्याच्या दिशेने लांबट. वरून वायसरची रुंद चकती, खाली डांबरी नमद्याचा जाड तुकडा, म्हणजे टोपी सरकेल पण पाणी आत यायचे नाही. भोक किती लांब, असे मी विचारले. तुम्ही अंगठ्याचे नख दाखवलेत; काळे पडलेले, मधोमध चिरलेले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी ते नख मोजपट्टीने मोजले, तेव्हा तुम्ही ओरडलात, "पाहा गा, साहेब माहं नख मोजून राहिले! उद्या बोट कापून नेतीन कपाटात ठेवाले!" ते माप मी आराखड्यात मिलिमीटरमध्ये लिहिले. पुढे मी काढलेल्या टोप्या कापसाच्या गोदामांवर गेल्या, जिनिंगवर गेल्या, दवाखान्यांवर गेल्या. माझी त्यात पदोन्नती झाली. प्रत्येक आराखड्यात तुमचे नख होते आणि कोपऱ्यात सही माझी होती. तुम्हाला त्याचे काही वाटले नाही, असे तुम्ही म्हणायचात. मला वाटत असे.

तुम्ही मला मुलगी दिलीत तीही एका सांध्यावर हातोडा मारता मारता. "माह्या पोरीले करता का जी?" असे विचारलेत आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा ठोका घातलात. मी दुसऱ्या दिवशी लेखी होकार आणला. तो कागद तुम्ही घरी नेऊन तिला दाखवलात, आणि ती तो कागद लग्नानंतरही अधूनमधून काढून, माझ्या भाषेत, मोठ्याने वाचत असे: 'सदर प्रस्ताव मला मान्य आहे.' शेजारच्या बायका जमल्या म्हणजे हा कार्यक्रम हमखास होई.

हुडकेश्वरला आम्ही घर बांधले तेव्हा पुढच्या खोलीवर स्लॅब घातला, स्वयंपाकघरावर मात्र पत्रेच राहिले. त्याची टोपी तुम्ही केलीत. तुमची नजर तेव्हा कमी झाली होती. एक तुकडा किंचित तिरका बसला. मी लेव्हल लावून तो दाखवला, आणि तुम्ही आयुष्यात एकदाच माझ्यावर चिडलात. "सरळ पाहाची हौस असन तं कागदावर पाहा. पोरगी खाली राहीन, पानी खाली येनार नाई. बस." मग शिडीवरून उतरून तुमचा लाकडी हातोडा आणि कानस माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, की आता हे घरीच राहू द्या, मले वर चढनं होत नाई. त्यानंतर तुम्ही वर्षभरच होता.

आता जे सांगायचे आहे त्याकडे येतो. पत्र्याचे छप्पर सकाळी तापू लागले की आवाज करते आणि संध्याकाळी निवू लागले की पुन्हा करते, हे तुम्हीच मला शिकवलेत. तुम्ही गेल्यानंतर स्वयंपाकघरात एक प्रथा सुरू झाली. सूर्य कलला, आढ्यावर पहिला कट् वाजला, की तुमची मुलगी परातीतला हात थांबवून वर न पाहता म्हणे, "हो बाबा." मग पुन्हा भाकर थापू लागे. प्रथम मला ते चेष्टेचे वाटले. मी म्हणालोही, की हा धातूच्या आकुंचनाचा परिणाम आहे. ती म्हणाली, "मले माहीत आहे जी. मी मिस्त्र्याची पोरगी होय." आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा, "हो बाबा." एक वर्ष, दोन वर्षे. मी कार्यालयातून येऊन चहा घेत बसलेला असे आणि माझ्या डोक्यावरून तुमचे दोघांचे बोलणे चाले.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी मी वर चढलो. टोपी वाऱ्याने खडखडते, असे कारण मी दिले. तुमचे हूकबोल्ट काढले. लांबट भोकांच्या मध्ये, मोकळ्या जागी, गोल भोके पाडली. बोल्टाच्या जाडीला नेमकी. नवे बोल्ट घालून पाना जाईल तितका कसला आणि तुमच्या भोकांवर डांबराची ठिगळे लावली. ती खाली अंगणात शिडी धरून उभी होती. "काहून इतकं कसून राहिले जी? बाबानं तिथी जागा ठेवली होती नं." मी वरून उत्तर दिले, की मला माहीत आहे, हे माझे काम आहे. खरोखरच मला माहीत होते. सबंध विदर्भात ते माझ्याइतके कोणाला माहीत नव्हते. संध्याकाळी छप्पर वाजले नाही. तिने परातीत हात थांबवला, थोडी वाट पाहिली आणि एवढेच म्हणाली, "घर मुकं झालं जी." त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

टोपी काही वर्षे टिकली, कारण पत्रा चांगला होता आणि मुडप तुमची होती. गेल्या पावसाळ्यात चुलीच्या डाव्या अंगाला पाणी गळू लागले. तिने खाली भात शिजवायचा एक लहान गंज ठेवला. मी म्हणालो, की अर्धवट दुरुस्ती योग्य नाही, दिवाळीनंतर संपूर्ण आढे नव्याने करू. दिवाळी झाली. गंज कोरडा पडला तरी तिने तो तेथून हलवला नाही, आणि ती गेल्यावर मीही हलवलेला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतो. बुद्धवंदना झाली, लोक आले, जेवणे झाली, मुलगा कामाच्या गावी परत गेला. लोक माझ्याकडे पाहून म्हणत, की साहेबांनी धीर फार ठेवला. मी धीर ठेवला नव्हता. मला काही होतच नव्हते. मी वेळेवर उठत होतो, दाढी करीत होतो, आणि जेवताना चूल आणि गंज यांच्यामधल्या जागेकडे पाहत होतो.

परवा मी वर चढलो. शिडी धरायला कोणी नव्हते, म्हणून ती दोरीने खांबाला बांधली. जे पाहायला मिळणार हे ठाऊक होते तेच पाहिले: माझे प्रत्येक गोल भोक एका अंगाने फाटले होते. पत्र्याला जेवढे सरकायचे होते तेवढी जागा त्याने स्वतःच करून घेतली होती. आणि बोल्ट काढून ती चीर मी मोजली, तर ती जवळजवळ तुमच्या नखाएवढीच निघाली. तुमचे बोल्ट मी जपून ठेवले होते, तुमच्या हातोड्याबरोबर, एका डब्यात. मी ते का जपले होते, असे तिने कधी विचारले नाही. दोन दिवस लागले. फाटलेल्या भोकांवर जस्ती पट्ट्या चढवल्या, तुमची जुनी भोके डांबर खरवडून मोकळी केली, तुमच्याच कानशीने साफ केली. नवा नमदा, नवे वायसर. बोल्ट हाताने फिरतील तेवढेच कसले. तिरका तुकडा तिरकाच ठेवला.

टोपी खडखडत नव्हती, मिस्त्री. ती कधीच खडखडली नाही. रोज संध्याकाळी माझ्या घरात तुमची मुलगी तुम्हाला हो म्हणते, हे मला सहन होत नव्हते. एवढ्यासाठी मी तो आवाज बंद केला, आणि ते तिला कळले होते, असे मला आता वाटते.

हे पत्र त्या डब्यात, रिकाम्या झालेल्या जागी ठेवणार आहे. आणखी एकच गोष्ट लिहायची आहे. काल सूर्य कलल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. चूल विझलेली, परात भिंतीला टेकवलेली. बऱ्याच वेळाने आढ्यावर पहिला कट् वाजला. उत्तर देणारे कोणी नव्हते. ती घरी नाही असे तुम्हाला सांगावे, म्हणून मी तोंड उघडले, आणि ते वाक्य, जे मी सगळ्यांना न अडखळता सांगितले होते, ते काही केल्या येईना. मग दुसरा कट् वाजला, आणि मी म्हणालो, "हो बाबा."