वाळूतले डोळे

प्रिय उम्मी,

अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत आणि शब्द सोपे घेतले आहेत. सालहा खाला शनिवारी ट्रकने तुमच्या जैतुनाच्या मळ्यात फळं तोडायच्या मजुरीला येते आहे, तिच्याकडे हे पत्र देते आहे. तिला वाचता येत नाही, म्हणूनच तिच्याकडे. तूही दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. ओळीखाली बोट ठेवून रोज थोडं थोडं वाच. घाई नाही.

तुझी कंबर कशी आहे? ट्रकमध्ये कडेला उभी राहू नकोस, बायकांच्या मधोमध राहा. वळणावर कुठे ट्रक उलटल्याचं ऐकलं की मी आधी नावं विचारते, मग गाव. बाबा बरे आहेत. माझ्या हातचं खातात आणि तोंड वाकडं करतात. परवा म्हणाले, "हा कुसकुस आहे की होडीच्या फटीत भरायचं लुकण?" पण ताट पुसून खाल्लं. तुझ्याबद्दल विचारत नाहीत, मात्र दर शुक्रवारी तुझा फोन यायच्या वेळेला जाळं घेऊन अंगणात बसतात, आणि ते जाळं कधी दुरुस्त होत नाही.

तुम्हा बायकांच्या संस्थेच्या खोलीला कुलूप आहे. दूजाने पाटी आणि वजनकाटा घरी नेला. काट्यावर तिच्या कोंबड्या बसतात. शिंपल्यांचा दलाल मुख्तार अजून गाडी हळू करून जातो. काल खिडकीतून ओरडला, "काय गं बायांनो, मला टाळून थेट बंदरावर विकणार होता ना? विका आता वाळू!" दूजा म्हणाली, "तुझ्या गाडीत भरून देऊ का? तेवढंच तुझ्या नशिबात आहे." सगळ्या हसल्या. मग एकेक करून घरी गेल्या.

मला ते जुने दिवस सारखे आठवतात. ओहोटी लागली की तुम्ही चाळीसजणी तिसऱ्यांचे शिंपले उकरायला विळे आणि टोपल्या घेऊन, घोट्यापर्यंत चिखलात, पार क्षितिजाकडे चालत जायच्यात. मी सात वर्षांची असताना तू मला सोबत नेलंस आणि वाळूतली दोन बारीक भोकं दाखवलीस. म्हणालीस, "हे तिसरीचे डोळे. ती खालून बघते, आपण वरून." मला कितीतरी दिवस ते दिसतच नव्हते. तू हसायचीस. "शाळेत जा बाई, तुझे डोळे कागदासाठीच केलेत." आणि खरंच पाठवलंस. आपल्या घरातली शाळेत गेलेली पहिली मुलगी मी. आजी म्हणाली होती, हिला शिकवून काय दर्याला पत्रं लिहून घेणार आहेस? वाळूत तिसरीचे अगदी बारीक डोळे दिसले की तू पाय बाजूला टाकायचीस. "हिला राहू दे, पोर आहे," म्हणायचीस. मुख्तार तसल्याही घ्यायचा, तरी तू उकरल्या नाहीस.

मग दूजाने संस्था काढली, तुम्हाला फोटोची ओळखपत्रं मिळाली. तुझ्या ओळखपत्रावर 'मच्छिमार' असं छापलं होतं. दोन हिवाळे माझ्याकडे अक्षरं गिरवून तू पहिला वाचलास तो हा शब्द. बाबा म्हणाले होते, "होडी नाही, जाळं नाही, चालत जाता आणि वाकता. याला कोण मासेमारी म्हणतं?" तू म्हणालीस, "चार तास वाकून दाखव, मग नाव काय द्यायचं ते तू ठरव." ते ओळखपत्र अजून पिठाच्या डब्यामागे आहे. मी रोज बघते. ते तू सोबत का नेलं नाहीस, हे मी विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये मासेमारीच्या कचेरीने मला लोखंडी चौकट आणि मोजपट्टी दिली. संस्थेतलीच कुणी शिकलेली हवी, असं दूजाने भांडून मिळवलं होतं. ठरलेल्या वीस जागी चौकट ठेवायची, आतली वाळू उकरायची, तिसऱ्या मोजायच्या आणि लिहायचं. तू गावभर सांगितलंस, माझ्या लेकीचा हात आता सरकारी कागदावर चालतो. सगळ्यांनी मला सांगितलं, पोरी, दोन जास्त लिही, हंगाम उघडू दे. मी सांगितलं, चांगलं लिहिलंय, काळजी करू नका.

ऑक्टोबरमध्ये वाळू बंद झाल्याचं, या हंगामात उकरायला बंदी आल्याचं कळलं तेव्हा आपल्या अंगणात सगळ्या जमल्या होत्या. हे मुख्तारचंच काम, त्याने कुणाला तरी पैसे चारून खोटा कागद करवला, असं दूजा म्हणाली. होडीवाल्यांना बंदीची भरपाई मिळते. पायी जाणाऱ्यांना नाही, कारण पाय काही नोंदवलेले नसतात. तू उभी राहिलीस, हात वर केलास आणि म्हणालीस, "ज्या हाताने हे लिहिलं तो हात झडो. त्याने हात पसरावा आणि कुणी त्यावर भाकरी ठेवू नये." सगळ्या आमीन म्हणाल्या. मी तेव्हा चहा ओतत होते. चहा सांडला तर तू माझी बोटं तुझ्या ओढणीने पुसलीस. तीन आठवड्यांनी तू मळ्यावर गेलीस.

उम्मी, तो हात माझा होता. मुख्तारने काही केलं नाही. वीस चौकटींत अकरा तिसऱ्या मिळाल्या, त्यातल्या नऊ पोरंच. मी अकरा लिहिलं. तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं, कागदावरचं खरं होतं. फोनवर हे सांगायचा मी पाच शुक्रवार प्रयत्न केला आणि दर वेळी तुला कंबरेचं विचारलं. फेब्रुवारीत वाळू उघडायची की नाही, यासाठी या मंगळवारी पुन्हा मोजलं. तीन मिळाल्या. आता वाळू उघडली नाही तर ओळखपत्रं रद्द होतील. जी हंगामभर पाण्यात उतरली नाही ती मच्छिमार कसली, असं कचेरीतला माणूस म्हणाला. आणि उघडली, तर चाळीस विळे पंधरा दिवसांत उरलेलं संपवतील आणि मग तुम्ही परत ट्रकमध्येच उभ्या राहाल. सोमवारी मी कागदावर तीनच लिहिणार आहे. दूजालाही या वेळी खरं सांगणार आहे. पण गावाच्या आधी तुला कळावं, आणि तुझ्याच डोळ्यांनी वाचून कळावं, म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहीत नाही. तो शाप मागे घे, असंही नाही. मी दर शुक्रवारी फोनजवळ बसेन. ज्या शुक्रवारी तो वाजणार नाही, त्या दिवशी समजेन की तू इथपर्यंत वाचलंस.

तू शाळेत घातलेली, तुझीच
खलूद