दोरी कुणी सोडली

प्रिय चिमणे,

काल सगळ्यात आधी कोण टपकली असेल, ओळख! समोरची इस्त्रीवाली. गेल्या वर्षी तू डांबरात टायरचा भुगा घालून केलेल्या रस्त्यात तिची चप्पल चिकटली ना, तेव्हापासून टोमणे मारायची एक संधी सोडत नाही. म्हणाली, "आजी, चला, नातीचा रस्ता कापायला माणसं आलीत." तशीच ओल्या हातांनी धावले. भाजी करपली ती करपलीच.

रस्तेखात्याचे टकलू साहेब आणि एक चष्मेवाली बाई, तुझ्याच वयाची. रस्त्यातून वाटीएवढे गोल तुकडे कापून बघत होते. आपल्या दारापुढचा रस्ता दबलेला, सोललेला. पण चार पावलं पुढे अगदी धड, एक भेग नाही. बाई कोड्यात पडली. माल तोच, दिवस तोच, मग असं कसं? मी दोघांना घरात आणून चहा दिला. घाईत साखर दोनदा पडली, तरी साहेब प्यायले बिचारे.

तुझे आजोबा कोपऱ्यात बसलेले. वर्षभर असेच आहेत. रोज संध्याकाळी काठी टेकत त्या खड्ड्यांपाशी जाऊन उभे राहतात. मला वाटायचं, टायरांची आठवण येते. जन्मभर पंक्चर काढून साठलेला ढीग त्यांनी तुला भुगा करायला दिला, आणि लोक म्हणाले, रबरानंच घात केला. तूही ते खरं मानलंस आणि घरी यायचीच थांबलीस.

तर काल आजोबा उठले, साहेबांपुढे हात जोडले. म्हणाले, "पोरीची चूक नाही. रस्ता निवेपर्यंत तिनं दोरी बांधली होती, ती मी सोडली. माझ्या टायरांवरून पहिली स्कूटर माझी जावी म्हणून. मागोमाग पाण्याचा टँकर घुसला, आपल्या दाराशीच वळला, आणि गरम डांबर चाकांखाली दबलं, सोललं."

आधी मी चिडले, मग रडले, मग हसूच आलं. स्कूटरसाठी एवढी हौस! तुला सांगायचा त्यांना धीर होत नाही. दोनदा कागद घेऊन बसले, दोनदा उठले. म्हणून मीच वेडंवाकडं लिहितेय. साहेब म्हणाले, तेवढा तुकडा पुन्हा करू, पण नातीला बोलवा. ये गं. या वेळी दोरीपाशी खुर्ची टाकून मी बसणार. साहेब गुरुवारी सकाळी येतो म्हणालेत.

तुझीच,
दोरी राखणारी आजी